सिमेंटची थैली आणि आपली जबाबदारी

(मंडळाच्या परदेशीपुरा येथील सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय सिमेंट आणि हवामान असा आहे. आम्ही इंजिनीअर नाही. आम्ही बँकेतले कारकून, शिक्षणाने बी.कॉम. आमचा सिमेंटशी संबंध येतो तो घरकर्जाच्या कागदांतून. त्यामुळे हा विषय आम्ही आमच्या पद्धतीने, म्हणजे जमाखर्चाच्या पद्धतीने मांडणार आहोत. आपल्यापैकी अनेक घराणी पिढ्यान्‌पिढ्या इंदुरात आहेत, हिशेबाला पक्की आहेत. हा हिशेबही आपण तपासून घ्यावा.

आधी खर्चाची बाजू. सिमेंटचा मूळ जिन्नस चुनखडी. ती भट्टीत तापवली की तिचे दोन भाग होतात. १०० किलो शुद्ध चुनखडीतून ५६ किलो चुना हाती लागतो आणि ४४ किलो कार्बन डायऑक्साइड वायू हवेत जातो. हा वायू दगडातूनच निघतो. भट्टी कोळशावर चालवा की सूर्यावर, तो निघणारच. शिवाय भट्टी सुमारे १४५० अंशांपर्यंत तापवावी लागते, त्या इंधनाचा धूर वेगळा. भट्टीतून जे काळसर गोळे बाहेर पडतात त्यांना क्लिंकर म्हणतात. एक टन क्लिंकरमागे सुमारे ८५० किलो कार्बन डायऑक्साइड असा ढोबळ हिशेब आहे, कारखान्यागणिक थोडा कमीजास्त. जगात वर्षाला सुमारे ४०० कोटी टन सिमेंट होते. माणसाच्या उद्योगांतून जेवढा कार्बन डायऑक्साइड निघतो, त्यातला सात-आठ टक्के एकट्या सिमेंटचा. सिमेंट बनवण्यात चीनच्या खालोखाल आपल्या देशाचा नंबर लागतो.

मग सिमेंट बंद करायचे का? मुळीच नाही. ज्यांचे घर अजून कच्चे आहे त्यांना पक्के घर मिळालेच पाहिजे. शाळा, दवाखाने, पूल झालेच पाहिजेत. आमचे म्हणणे इतकेच की त्याच घराला, त्याच पुलाला क्लिंकर कमी लागू शकते, आणि ते कमी करणे बऱ्याच अंशी आपल्या हातात आहे.

बाजारात सिमेंट मुख्यतः दोन प्रकारचे मिळते. एक ओ.पी.सी., म्हणजे साधे पोर्टलँड सिमेंट. त्यात जवळपास ९५ टक्के क्लिंकर असते. दुसरे पी.पी.सी., ज्यात वीज केंद्राची राख म्हणजे फ्लाय अ‍ॅश कारखान्यातच दळून मिसळलेली असते. भारतीय मानकाप्रमाणे ही राख १५ ते ३५ टक्के असू शकते. आता ५० किलोच्या थैलीचा हिशेब करू. ओ.पी.सी.च्या थैलीमागे सुमारे ४० किलो कार्बन डायऑक्साइड येतो. ३० टक्के राखेच्या पी.पी.सी.मागे सुमारे २८ किलो. एका थैलीत १२ किलोंची बचत! हजार चौरस फुटांच्या स्लॅबच्या घराला ढोबळ मानाने ४०० थैल्या धरतात. म्हणजे एका घरामागे ४८०० किलो, जवळजवळ पाच टन. आणि यासाठी खिशातून एक पैसाही जास्त जात नाही, उलट पी.पी.सी.ची थैली साधारणतः थोडी स्वस्तच असते.

इथे एखादे काका म्हणतील, “अहो, राख मिसळलेले सिमेंट म्हणजे भेसळच की!” ही शंका आम्ही बँकेच्या काउंटरवर कितीदा तरी ऐकली आहे. तिचे उत्तर आपल्याच जुन्या वाड्यांत आहे. आपले जुने गवंडी चुन्यात काय घालत? सुरखी, म्हणजे भाजलेल्या विटेची पूड. नुसता चुना ओलीत टिकत नाही, सुरखी घातली की तो पाण्यातही धरतो. रोमन लोक चुन्यात ज्वालामुखीची राख घालत, त्यांची बांधकामे दोन हजार वर्षे उभी आहेत. फ्लाय अ‍ॅश नेमके हेच काम करते. सिमेंट पाण्याशी मिळाले की त्यात मोकळा चुना सुटतो. राख त्या चुन्याला धरते आणि काँक्रीट अधिक घट्ट होते. मात्र ही राख कारखान्यात मापून-तपासून मिसळलेली हवी. साइटवर मिस्त्रीने अंदाजाने ओतलेली राख ही खरोखरच भेसळ, ती खपवून घेऊ नये.

राखेला आपल्याकडे तोटा नाही. खंडव्याकडे श्री सिंगाजी औष्णिक केंद्र २५२० मेगावॅटचे. खरगोन जिल्ह्यात सेल्दा येथे एन.टी.पी.सी.चे केंद्र १३२० मेगावॅटचे. भारतीय कोळशात राख ३० ते ४० टक्के निघते. ती तलावात साचली तर निमाडच्या शेतांना आणि विहिरींना त्रास, सिमेंटमध्ये गेली तर उपयोग. ही राख वापरली गेलीच पाहिजे असा नियम केंद्र सरकारने १९९९ साली केला आणि ३१ डिसेंबर २०२१ च्या अधिसूचनेने तो आणखी कडक केला.

आता पी.पी.सी.ची एक अट आहे, ती लपवून चालणार नाही. हे सिमेंट सुरुवातीला सावकाश ताकद धरते. म्हणून त्याला पाणी जास्त दिवस मारावे लागते. काँक्रीटचे भारतीय मानक आय.एस. ४५६ सांगते की साध्या सिमेंटला निदान सात दिवस, आणि राखेच्या सिमेंटला निदान दहा दिवस ओल हवी, शक्यतो १४ दिवस. आमच्याकडे ठेकेदाराला घाई असते. चौथ्या दिवशी पाणी बंद, आठव्या दिवशी टेकू काढायची तयारी. मग स्लॅबला तडा गेला की दोष राखेच्या माथी! वहिनी-मावशींना आमची खास विनंती आहे. घराचे काम चालू असताना दिवसभर तिथे लक्ष बहुधा तुमचेच असते. स्लॅबवर छोटे बांध घालून पाणी साठवा, कॉलमला ओली पोती गुंडाळा. नर्मदेचे पाणी जलूदहून इतका घाट चढून इंदुरात येते, ते नळीने उडवून वाया घालवण्यापेक्षा पोत्यांत मुरलेले बरे.

दुसरी गोष्ट, सिमेंट म्हणजे काही तूप नव्हे की जास्त वाढले तर पाहुणा खूष! आय.एस. ४५६ मध्ये सिमेंटला वरची मर्यादाही घातली आहे, एका घनमीटरला ४५० किलो. त्याहून जास्त सिमेंट घातले की काँक्रीट आकसते, तडकते. खरी खराबी करते ते जादा पाणी. घरगुती स्लॅबला चालणाऱ्या एम-२० मिश्रणाला एका थैलीमागे ३० लिटरपेक्षा जास्त पाणी नको, म्हणजे पंधरा लिटरच्या दोन बादल्या. वाळू ओली असेल तर त्याहूनही कमी. मिस्त्रीला माल पातळ लागतो कारण पसरायला सोपा जातो. पातळ मालाची ताकद जाते, मग ती भरून काढायला आणखी सिमेंट! तसेच “५३ ग्रेडच घ्या, मजबूत असते” हा सल्ला. ५३ ग्रेड लवकर ताकद धरते, म्हणून पूल आणि मोठ्या कारखानदारी कामाला तिचा उपयोग. दोन मजल्यांच्या घराला पी.पी.सी. पुरते, आय.एस. ४५६ ला ते मान्य आहे. मात्र आपल्या माळव्याच्या काळ्या मातीत पाया इंजिनीअरकडूनच काढून घ्या. सिमेंटवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आहे. त्यात जे वाचेल त्यातून इंजिनीअरची फी द्यावी, असे आमचे कारकुनी मत आहे. चांगला नकाशा आणि मापाचे मिश्रण यांनी जेवढे सिमेंट वाचते, तेवढे दुसऱ्या कशाने वाचत नाही.

तिसरी गोष्ट जुन्या घरांची. आपल्यातल्या अनेकांची घरे विटा-लाकडाची, चुन्याची. भावाभावांत वाटणी झाली की पहिला विचार पाडायचा. घर धोकादायक झाले असेल तर पाडलेच पाहिजे, जिवापेक्षा वाडा मोठा नाही. पण जे घर दुरुस्तीने ३०-४० वर्षे चालेल ते पाडणे म्हणजे मुदत ठेव मुदतीआधी मोडण्यासारखे आहे. आपला राजवाडा पाहा. खाली दगड, वर लाकूड. १९८४ च्या आगीत त्याचे मोठे नुकसान झाले, पण इंदूरने तो पुन्हा उभा केला, आणि अलीकडच्या जीर्णोद्धारातही चुन्याचेच काम झाले. आता कोणी म्हणेल, चुनाही भाजावाच लागतो, त्यातूनही वायू निघतो. खरे आहे. पण चुन्याची भट्टी सुमारे ९०० अंशांची, आणि भिंतीतला चुना सुकताना दगडातून निघालेला बराचसा वायू हळूहळू परत शोषून घेतो. दुरुस्तीत चुन्याला चुनाच लावावा. जुन्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा केला की ओल आत कोंडते आणि वीट झडते.

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा, आणि तो आपल्या मंडळाच्या अखत्यारीतला आहे. एकेका घराचे पाच टन आपण वाचवू, पण मोठे काम निविदेत ठरते. आपल्या शेजारच्या हुकुमचंद मिलचेच घ्या. १२ डिसेंबर १९९१ रोजी मिल बंद झाली. कामगारांनी ३२ वर्षे लढा दिला आणि डिसेंबर २०२३ मध्ये २२४ कोटी रुपये थकबाकी मंजूर होऊन त्यांना न्याय मिळाला. त्या बदल्यात सुमारे ४२ एकर जमीन गृहनिर्माण मंडळाच्या योजनेसाठी गेली. या जमिनीवर कामगारांचा घाम सांडला आहे. तिच्यावर जे उभे राहील ते कसे उभे राहील, हे विचारण्याचा हक्क परदेशीपुऱ्याला नाही तर कोणाला? तिथल्या झाडांसाठी शहरात आवाज उठला, ते योग्यच झाले. सिमेंटचा प्रश्नही त्याच कागदावर यायला हवा. १४ जुलै २०२४ रोजी रेवती रेंजवर एका दिवसात ११ लाखांहून अधिक रोपे लावून या शहराने विक्रम केला. एका हाताने रोपे लावायची आणि दुसऱ्या हाताने थैल्यांचा हिशेब न विचारता टॉवर बांधायचे, हे जमाखर्चात बसत नाही.

विचारायचे काय, तेही सांगतो. एक, मिलच्या भिंती आणि पाया पाडून जो मलबा निघेल त्याचे काय? देवगुराडियाला नगर निगमचा मलब्यावर प्रक्रिया करणारा प्रकल्प आहे, तिथे पेव्हर ब्लॉक होतात. आय.एस. ३८३ या मानकाप्रमाणे जुन्या काँक्रीटची गिट्टी एम-२५ पर्यंतच्या सळईच्या काँक्रीटमध्ये २० टक्क्यांपर्यंत आणि साध्या काँक्रीटमध्ये २५ टक्क्यांपर्यंत चालते. केंद्राने २०२५ साली मलब्याचे नवे नियमही काढले, ते १ एप्रिल २०२६ पासूनचे आहेत आणि २०,००० चौरस मीटरपासूनच्या प्रकल्पांवर त्यांत खास जबाबदारी टाकली आहे. दोन, जिथे मानक परवानगी देते तिथे राखेचे किंवा भिलईसारख्या पोलाद कारखान्यांच्या स्लॅगचे सिमेंट वापरण्याची अट निविदेत आहे काय? तीन, नव्या सिमेंटचा विचार झाला आहे काय?

हे नवे सिमेंट म्हणजे एल.सी.-थ्री. त्यात क्लिंकर निम्मेच, बाकी भाजलेली चिकणमाती, न भाजलेली चुनखडी आणि थोडा जिप्सम. स्वित्झर्लंड, क्यूबा आणि आपल्या दिल्ली-मद्रासच्या आय.आय.टी. यांनी मिळून त्यावर काम केले. त्यातून साध्या सिमेंटच्या तुलनेत कार्बन डायऑक्साइड ३० ते ४० टक्के कमी होतो. २०२३ मध्ये त्याला आय.एस. १८१८९ हे भारतीय मानक मिळाले. भाजलेली माती म्हणजे आपली सुरखीच की हो! शास्त्रज्ञांनी ती नीट मापात बसवली. हे महत्त्वाचे अशासाठी की कोळशाची वीज पुढे कमी होत जाईल तशी राखही कमी होईल. माती मात्र उरणार आहे.

हे सारे अशक्य आहे असे कोणी म्हणू नये. भारतीय सिमेंट उद्योगात १९९६ साली एका टनामागे १.१२ टन कार्बन डायऑक्साइड निघत होता, २०१० साली तो ०.७१९ टनांवर आला. चांगल्या भट्ट्या आणि राख-स्लॅग यांनीच हे घडले. आणि ज्यांनी थैली उघडून पी.पी.सी. वापरले, त्यांचाही यात वाटा आहे.

म्हणून सभेपुढे आम्ही तीन ठराव ठेवतो. पहिला, मंडळाच्या आणि सभासदांच्या बांधकामात थैलीवरचा प्रकार आणि तारीख वाचून पी.पी.सी. घ्यावे व १४ दिवस पाणी मारावे. दुसरा, जुने घर पाडण्यापूर्वी इंजिनीअरकडून तपासणी करून घ्यावी, त्यासाठी आपल्यातल्या निवृत्त अभियंत्यांची एक सल्ला समिती नेमावी. तिसरा, मिलच्या जमिनीबाबत वर सांगितलेले तीन प्रश्न लेखी स्वरूपात आपले पार्षद, महापौर आणि गृहनिर्माण मंडळ यांना द्यावेत, आणि उत्तर येईपर्यंत दर महिन्याला स्मरणपत्र पाठवावे. पत्रे लिहिण्याचे काम आम्ही आनंदाने करू, नोकरीच ती आहे.

ठरावांना आपली संमती मिळेल अशी आशा व्यक्त करतो.

जय हिंद.