हाती सापडलेला शत्रू
(शताब्दी व्याख्यानमालेत कन्नौद येथे दिलेले भाषण)



शताब्दीच्या मंगल प्रसंगी वक्त्याने ग्रंथमहिमा गावा, अशी रीत आहे. ती मी आज मोडतो आहे, त्याबद्दल क्षमा असावी. ज्या विषयावर आपण मराठी माणसे एकीकडे फार बोलतो आणि दुसरीकडे मुळीच बोलत नाही, असा एक विषय मी निवडला आहे. रणांगणावर शत्रू जिवंत हाती लागला, तर त्याचे काय करावे?

१० जानेवारी १७६० रोजी यमुनेच्या बुराडी घाटावर दत्ताजी शिंदे जखमी होऊन पडले. कुतुबशहाने त्यांना डिवचून प्रश्न विचारला. त्यावर दत्ताजींनी दिलेले उत्तर येथील शाळकरी मुलालाही पाठ असेल. त्यानंतर कुतुबशहाने त्या घायाळ वीराचे शिर कापले. या कृत्याचा आपल्याला आजही संताप येतो, आणि तो योग्यच आहे. परंतु त्याच वर्षी ऑक्टोबरात भाऊसाहेबांच्या फौजेने कुंजपुरा घेतला, तेव्हा हाच कुतुबशहा आपल्या हाती जिवंत सापडला. त्याचेही शिर उतरविण्यात आले. ही हकीकत आपण सुडाची पूर्तता म्हणून समाधानाने सांगतो. तो त्या क्षणी बंदिवान होता, एवढे एक वाक्य मात्र गाळतो.

कुंजपुऱ्याला तसे घडले नसते, तर पानिपतावर आपल्या लोकांना अभय मिळाले असते, असे माझे म्हणणे नाही. इतिहास इतका सरळ हिशेब ठेवत नाही. १४ जानेवारी १७६१ च्या संग्रामानंतर जे घडले, ते काशीराज पंडिताने फारसीत लिहून ठेवले आहे. हा दक्षिणी गृहस्थ शुजाउद्दौल्याच्या पदरी होता आणि सर्व प्रकार त्याने डोळ्यांनी पाहिला होता. शरण आलेल्यांची कत्तल झाली, छावणीत मुंडक्यांचे ढीग लागले. त्याच छावणीत शुजाने कित्येक हजार मराठ्यांना आपल्या गोटात आश्रय दिला, त्यांच्याभोवती पहारे बसविले आणि पुढे त्यांना सुरजमल जाटाच्या मुलखाकडे पोहोचविले. एकाच विजयी पक्षात, एकाच दिवशी, दोन प्रकारची माणसे होती. जनकोजी शिंद्यांना खंडणी देऊन सोडविण्याची खटपट स्वतः काशीराज करीत होता. नजीबखानाला सुगावा लागला, आणि प्रकरण दडपण्यासाठी जनकोजींना गुपचूप ठार करण्यात आले. इब्राहिमखान गारद्याला शुजाने लपविले होते. पण अब्दालीच्या वजिराने त्याला मागून घेतले आणि जखमांवर विषारी लेप लावविला, असे काशीराज सांगतो. धारचे यशवंतराव पवारही त्याच मैदानावर पडले. तेव्हा ही कथा आपल्या माळव्यापासून फार दूरची नाही.

त्याहून जवळची कथा हवी असेल, तर सतवास आणि नेमावर येथून किती अंतरावर आहेत, हे मी आपणास सांगावयास नको. तेथे चितू पेंढाऱ्याचा अंमल होता. पेंढारी हे काही सज्जन नव्हते. धन कोठे पुरले आहे हे वदवून घेण्यासाठी गरम राखेचा तोबरा गावकऱ्यांच्या तोंडाला बांधणारे ते लोक. १८१८ साली करीमखानाने माल्कमपुढे शस्त्र ठेवले. त्याला गोरखपूरकडे जमीन मिळाली, तो तेथे सुखाने राहिला. चितूनेही भोपाळच्या नबाबाच्या मध्यस्थीने बोलणे लावले होते. परंतु आपल्याला समुद्रापार धाडतील या धास्तीने त्याला पछाडले होते. झोपेतही तो काळ्या पाण्याचे नाव घेई, असे त्याच्या सोबत्यांनी माल्कमला सांगितले. तो पुन्हा जंगलात शिरला आणि १८१९ साली वाघाच्या तोंडी सापडला. घोडा खोगिरासह सापडला आणि मागाहून शिर. पकडणाऱ्याच्या शब्दावर भरवसा बसला, तर शत्रू शस्त्र टाकतो. न बसला, तर तो शेवटपर्यंत लढतो किंवा पळतो, आणि त्याची किंमत पकडणाऱ्याचे सैनिकही मोजतात. दयेचा प्रश्न बाजूला ठेवला, तरी हा रोकडा व्यवहार उरतोच.

आता कोणी विचारील की, समोरचा नियम पाळत नसेल तर? १९९९ साली कॅप्टन सौरभ कालिया आणि त्यांचे पाच सहकारी यांचे छिन्नविच्छिन्न देह परत आले. त्यांच्या घरच्यांपुढे मी हे व्याख्यान देऊ शकेन का? खरे सांगतो, धीर होणार नाही. तरीही १९७१ साली ढाक्याला शरण आलेल्या सुमारे ९३ हजार लोकांना आपण जिनिव्हा करारानुसार सांभाळले आणि १९७४ पर्यंत परत पाठविले, याचा मला विजयाइतकाच अभिमान वाटतो. कुतुबशहाला तो नियम ठाऊक नव्हता, आपल्यालाही कुंजपुऱ्याला नव्हता. १९४९ चा करार ठाऊक असूनही तो मोडणाऱ्याचा अपराध अधिक मोठा आहे.

त्याच युद्धात आपले फ्लाइट लेफ्टनंट दिलीप पारुळकर पाकिस्तानच्या हाती लागले. ऑगस्ट १९७२ मध्ये रावळपिंडीच्या छावणीच्या भिंतीला भगदाड पाडून ते ग्रेवाल आणि हरीश सिंहजी यांच्यासह निसटले. अफगाण सरहद्द अवघ्या काही मैलांवर राहिली असताना त्यांनी लंडीखाना स्थानकाची वाट विचारली. ते स्थानक १९३२ सालीच बंद झाले होते. लोकांना संशय आला. आपण पाकिस्तानी हवाई दलाचेच आहोत, अशी थाप त्यांनी मारली आणि ओळख पटविण्यासाठी छावणीचे पूर्वीचे प्रमुख स्क्वाड्रन लीडर उस्मान यांना दूरध्वनी लावण्याची विनंती केली. कैद्यांशी माणुसकीने वागलेला हा अधिकारी. त्यांनी आवाज ओळखला, काय घडले असेल ते ताडले आणि तेथील अधिकाऱ्यांना सांगितले की ही माझी माणसे आहेत, यांना कोंडून ठेवा, पण मारू नका. पळून जाण्याचा प्रयत्न फसल्यास कैद्याला तीस दिवसांहून अधिक शिक्षा देता येत नाही, असे करार सांगतो. त्याच वर्षी डिसेंबरात तिघेही स्वदेशी परतले.

आपल्या ग्रंथालयाच्या कपाटात काशीराजाचा वृत्तान्त असेल, तर तो कृपया वाचनकक्षाच्या टेबलावर काढून ठेवावा. नसेल, तर या वर्षीच्या खरेदीत तो घ्यावा, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.