करंडकाआधीची तालीम

पावसाळा मध्यावर आला की पुण्यातील महाविद्यालयांत पुरुषोत्तम करंडकाच्या तालमी रंगू लागतात. महाराष्ट्रीय कलोपासक या संस्थेने १९६३ साली सुरू केलेली ही आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा म्हणजे मराठी रंगभूमीची रोपवाटिकाच होय.

२०२२ साली परीक्षकांनी एकाही संघाला करंडक दिला नाही. स्पर्धेच्या इतिहासात असे प्रथमच घडले. मुलांच्या नाटकात कस उरला नाही, अशी हळहळ पुष्कळांनी व्यक्त केली. परंतु कस येतो तो तालमीतून, आणि तालमीला जागा व वेळ लागतो. खेड्यातून आलेला, खोलीभाडे व खाणावळीचे पैसे भागविण्यासाठी संध्याकाळी नोकरी करणारा विद्यार्थी हा वेळ कोठून आणणार? तो रंगमंचावर आला नाही, तर त्याचे जगणेही तेथे येणार नाही.

डिसेंबरात सवाई गंधर्व महोत्सवाला रसिक आपण होऊन लोटतात. करंडकाच्या अंतिम फेरीलाही गर्दी होते. कार्यकर्त्यांनी प्राथमिक फेरीलाच भरत नाट्य मंदिरात जाऊन बसावे; आणि त्याआधी आपल्या कार्यालयाचा दिवाणखाना रात्री तालमीसाठी उघडून द्यावा.