हिरडी सुटली की दात सुटतो
(पुणे शहरातील बैठकीत केलेले भाषण)



शेतमालाच्या भावाचे, कर्जाचे आपण नेहमीच बोलतो. आज आम्ही दातांविषयी बोलणार आहोत. हसू नका. ज्याला भाकरी चावत नाही, त्याने ज्वारी पिकवून काय उपयोग?

हिरडीतून रक्त येते, आपण म्हणतो, "कापूस विकला की बघू." घरातली माय मशेरी लावते, घटकाभर बरे वाटते. पण मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच. तिने आजार जात नाही. उलट हिरड्या खाली सरकतात, तोंडाच्या कर्करोगाचा धोका वाढतो.

आम्ही शेतीशास्त्र शिकलेले, म्हणून शेतीच्याच भाषेत सांगतो. दाताच्या कडेला जंतूंचा थर साचतो, तो घट्ट होऊन त्याचे किटण होते. हिरडी सुजते, दातापासून सुटते, मग आतले हाड झिजते. मुळाखालची माती वाहून गेल्यावर झाड उभे राहील काय?

उपाय टप्प्याटप्प्याने आहेत. सुरुवातीला डॉक्टर यंत्राने किटण काढतात. त्याने दात सैल होतात, हा गैरसमज आहे. किटणाने बुजलेली फट उघडी दिसते, एवढेच. आजार खोल गेला असेल तर जागा बधिर करून हिरडीखालची मुळे साफ करतात आणि काही आठवड्यांनी पुन्हा तपासतात. तरीही भागले नाही, तर हिरडी उघडून आत सफाई करतात आणि टाके घालतात. गेलेले हाड मात्र सहसा पूर्ण भरून येत नाही. दात उपटणे हा शेवटचा उपाय. नुसत्या गोळ्यांनी किटण निघत नाही. मधुमेह असेल तर साखर आटोक्यात ठेवा. हे दोन्ही आजार एकमेकांना वाढवतात.

खर्चाचे काय? दंत महाविद्यालयांत शिक्षकांच्या देखरेखीखाली विद्यार्थी उपचार करतात, तिथे खर्च सहसा कमी येतो. पुण्यात भारती विद्यापीठाचे दंत महाविद्यालय १९८९ पासून आहे. नागपूर, छत्रपती संभाजीनगर आणि मुंबईला सरकारी दंत महाविद्यालये आहेत. पण किटण काढायला कोरडवाहू शेतकऱ्याने मजुरी बुडवून शहर का गाठावे? ही सोय तालुक्याच्या रुग्णालयात मिळालीच पाहिजे, ही आमची मागणी आहे.

तोवर मशेरी सोडा, दिवसातून दोनदा ब्रशने दात घासा. बोंडअळी दिसल्यावर आपण वेचणीपर्यंत थांबतो का? मग हिरडीतून रक्त दिसल्यावर तरी का थांबायचे?