अर्ज तिकडे, जीव इकडे

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



मुलगा किंवा मुलगी अमेरिकेत आहे असं घर आता फक्त पुण्या-मुंबईत शोधावं लागत नाही. सांगली, नाशिक, अमरावती, कुठेही सापडतं. आई-वडिलांची पहिली वारी बहुधा बाळंतपणासाठी होते, दुसरी नातवंडांच्या ओढीने. तिसऱ्या-चौथ्या वारीपर्यंत मुलाला तिथलं नागरिकत्व मिळालेलं असतं आणि एक दिवस तो म्हणतो, "आई, बाबा, आता तुमचं ग्रीन कार्ड करून टाकू." हे तो मनापासूनच म्हणत असतो. पण अर्ज केल्यापासून कार्ड हाती पडेपर्यंत जो काळ जातो, त्यात प्रवास करायचा की नाही, करायचा तर कसा, याचा विचार फार थोड्या घरांत आधी होतो. आज त्याविषयीच बोलायचं आहे.

आधी दोन कागदांमधला फरक समजून घेऊ. पासपोर्टवरचा व्हिसा बहुधा दहा वर्षांचा असतो. त्यामुळे पुष्कळांना वाटतं, दहा वर्षं केव्हाही जावं, कितीही राहावं. तसं नाही. व्हिसा म्हणजे दारापर्यंत जाण्याची परवानगी. आत किती दिवस राहायचं, हे तिथल्या विमानतळावरचा अधिकारी ठरवतो. त्या नोंदीला आय-९४ म्हणतात. पाहुण्यांना साधारणपणे सहा महिने मिळतात. मधे चार दिवस कॅनडाला जाऊन आलं म्हणजे ही मुदत आपोआप वाढते, असंही नाही.

आता ग्रीन कार्डाकडे वळू. वयाची २१ वर्षं पूर्ण झालेल्या अमेरिकन नागरिकाला आई-वडिलांसाठी अर्ज करता येतो. मुलाकडे नुसतं ग्रीन कार्ड असेल तर करता येत नाही. आई-वडिलांना वार्षिक संख्येची मर्यादा नाही, त्यामुळे भावंडांच्या अर्जासारखी वर्षानुवर्षांची रांग इथे नसते. पहिला अर्ज आय-१३०. तो नातं सिद्ध करण्यासाठी असतो. गंमत अशी, की त्यावर सही मुलाची असते, आई-वडिलांची लागतच नाही. म्हणजे आपल्या नावाने तिकडे काय दाखल झालं आहे, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना नीट ठाऊक नसणं अगदी शक्य आहे.

यानंतर दोन वाटा फुटतात. पहिली वाट म्हणजे आई-वडिलांनी भारतातच राहायचं आणि वेळ आली की मुंबईच्या वकिलातीत मुलाखत देऊन, कायम वास्तव्याचा व्हिसा घेऊन जायचं. दुसरी म्हणजे आई-वडील कायदेशीररीत्या तिथे आलेले असताना तिथेच आय-४८५ हा अर्ज भरायचा. दुसरी वाट सोयीची वाटते, कारण सगळे एकत्र राहतात. पण तिची अट कडक आहे. हा अर्ज प्रलंबित असताना, पाहुणे म्हणून आलेल्या आई-वडिलांनी पूर्वपरवानगीशिवाय अमेरिकेची हद्द सोडली, की अर्ज त्यांनी सोडून दिला असं धरलं जातं. त्या पूर्वपरवानगीला 'अ‍ॅडव्हान्स परोल' म्हणतात आणि ती आय-१३१ या वेगळ्या अर्जाने मागावी लागते. १ एप्रिल २०२४ पासून तिचं शुल्कही वेगळं भरावं लागतं. ते वाचवण्यासाठी 'आपल्याला कुठे जायचंय' म्हणून हा अर्ज वगळण्याचा मोह होतो. तो टाळावा.

कारण हद्द ओलांडायला मुंबईचंच विमान पकडावं लागतं असं नाही. नायगारा बघायला गेलेलं कुटुंब रेनबो ब्रिजवरून पलीकडे गेलं, की ते कॅनडात पोहोचलं. भारतीय पासपोर्टवर जाणाऱ्या पाहुण्याला तिथला व्हिसाही वेगळा लागतो. अलास्काची क्रूझ सिअ‍ॅटलहून निघाली तरी वाटेत कॅनडातल्या व्हिक्टोरिया बंदरात थांबते. मेक्सिको किंवा बहामाची क्रूझ तर परदेशातच जाते. हवाई बेटांची थेट विमानफेरी मात्र देशांतर्गत. तेव्हा अर्ज प्रलंबित असेल तर धबधबा अमेरिकेच्या काठावरून पाहावा. तिथूनही तो छान दिसतो.

सहल टाळता येते हो. पण गावाकडून रात्री येणारा फोन टाळता येत नाही. आईचा थोरला भाऊ अत्यवस्थ आहे, वडिलांची नव्वदीतली आई गेली. अशा वेळी पासपोर्ट हातात आहे, तिकीट काढायला पैसे आहेत, आणि तरी माणूस जागचा हलू शकत नाही. गेलं तर अर्ज संपतो. न गेलं तर शेवटचं दर्शन राहतं, आणि दहाव्या-तेराव्यालाही आपण नसतो. हे शल्य मग जन्मभर राहतं.

यावर काही उपाय आहेत. आय-४८५ बरोबरच आय-१३१ भरावा. परवानगीला महिने लागू शकतात. ती हातात पडल्याशिवाय निघू नये, 'अर्ज केलाय' एवढं पुरत नाही. जवळच्या नातलगाचं गंभीर आजारपण किंवा निधन असेल, तर तिथल्या इमिग्रेशन कार्यालयात तातडीची परवानगी मागता येते. त्यासाठी डॉक्टरांचं पत्र किंवा मृत्यूचा दाखला लागतो. दाखला मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतर जोडावं लागतं. गावाकडच्या भाच्या-पुतण्यांना हे आधीच सांगून ठेवावं. परवानगी असली तरी परतताना आत घ्यायचं की नाही, हे शेवटी अधिकारीच ठरवतो. आधी कधी मुदतीपेक्षा जास्त राहणं झालं असेल, तर वकिलाला विचारल्याशिवाय पाऊल उचलू नये. आणि परवानगीविना जाणं झालंच, तरी सगळं संपत नाही. आय-१३० शाबूत राहतो, मुंबईची वाट पुन्हा धरता येते. वेळ आणि पैसा मात्र नव्याने खर्ची पडतो.

ज्यांचा फक्त आय-१३० दाखल झाला आहे आणि जे भारतात आहेत, त्यांना जुन्या व्हिजिटर व्हिसावर भेटीला जायची बंदी नाही. पण अधिकारी विचारू शकतो, "परत जाणार ना?" तेव्हा खरं तेच सांगावं. नव्या व्हिसाच्या फॉर्ममध्ये तर तुमच्यासाठी कुणी असा अर्ज केला आहे का, हा प्रश्नच असतो. ज्यांना आपल्या नावाचा अर्ज माहीतच नाही, ते तिथे 'नाही' लिहून बसतात. तसंच, तिथेच राहून अर्ज करायचा असं मनात पक्कं ठरवून पाहुणे म्हणून जाणं ही फसवणूक ठरू शकते, आणि त्याने दार कायमचं बंद होऊ शकतं.

शेवटी मुलांना एक सांगावंसं वाटतं. सही करण्याआधी आई-वडिलांना समोर बसवून विचारा, तुम्हाला खरंच इथे राहायचंय का? ग्रीन कार्ड मिळाल्यावरही एक वर्षाहून जास्त काळ बाहेर राहायचं तर आधी वेगळी परवानगी घ्यावी लागते. ज्यांना दसरा-दिवाळी गावच्या घरातच हवी, त्यांना साधा व्हिजिटर व्हिसा पुरेसा असू शकतो. गावी कोण थकलेलं आहे, कुणासाठी अचानक धावावं लागेल, हेही विचारा. त्यावरून ठरवा, तिथे अर्ज करायचा की मुंबईत. आणि अर्जाची एक प्रत त्यांच्या पिशवीत असू द्या. प्रवास त्यांचा आहे, तो कधी करायचा आणि कधी नाही, हे त्यांनाही कळलं पाहिजे.