वेळापत्रकाचे बोट धरून



यंदाच्या जून महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात आम्ही उभयता, १४ आणि ९ वर्षांची आमची दोन मुले आणि वयाची ७२ वर्षे पूर्ण केलेली माझी आई, असे पाच जण आयुष्यात प्रथमच युरोपचे दर्शन घेऊन आलो. आणि ते दर्शन आम्ही कोणत्याही यात्राकंपनीच्या तांड्याबरोबर न जाता किंवा मोटार भाड्याने न घेता, केवळ आगगाडी, बस, ट्राम आणि आगबोट या चार सार्वजनिक वाहनांच्या आधाराने घेतले. त्या प्रवासाची हकीकत सांगताना, ज्या व्यवस्थेच्या जोरावर तो सुखरूप पार पडला तिची रचना आपणांस उलगडून सांगावी, हा माझ्या आजच्या भाषणाचा मुख्य हेतू आहे; कारण तिथली हिमशिखरे आणि सरोवरे यांची वर्णने आपण पुष्कळ ऐकली असतील, परंतु एखाद्या देशाचे वेळापत्रक हेही त्या देशाचे एक प्रेक्षणीय स्थळ असू शकते, हे मला तरी तिथे जाईपर्यंत उमगले नव्हते.

बेत जाहीर होताच आप्तेष्टांनी मायेपोटी अनेक शंका काढल्या. म्हातारे माणूस बरोबर, परकी भाषा, जड सामान, ठिकठिकाणी गाडी बदलायची, एखादी चुकली तर परमुलखात काय करणार, असा त्यांचा सूर होता. आम्ही दोन गोष्टी पक्क्या केल्या. एक म्हणजे सहा देश सहा दिवसांत पालथे घालायचे नाहीत. एकच देश, स्वित्झर्लंड, आणि त्यातही इंटरलाकेन आणि ल्युसर्न असे दोनच मुक्काम. दुसरी म्हणजे माणशी एकच पेटी, तीही ज्याची त्याने उचलावी अशी. आईची मात्र मुलाने उचलायची. प्रवेशाचा परवाना, विमा, निवासाचे दाखले या दस्तऐवजांचा तपशील सांगून मी आपला वेळ घेत नाही; १९८५ साली लक्झेंबर्गमधल्या शेंगेन या लहानशा गावी जो करार झाला, त्याच्या नावाने तो परवाना आजही ओळखला जातो आणि तो मिळवण्यासाठी अर्ज मात्र चांगला आधी करावा लागतो, एवढे सांगितले म्हणजे पुरे.

झुरिकच्या विमानतळाखालीच रेल्वेचे स्थानक आहे. सरकत्या जिन्याने खाली उतरलो, तो थेट फलाटावर. फाटक नाही, तिकीट तपासायला दाराशी कोणी उभा नाही, हे पाहून आई थबकली आणि म्हणाली, "अरे, तिकीट दाखवायचं कुणाला?" तिकीट गाडीत तपासले जाते आणि ज्याच्यापाशी ते नसेल त्याला जबर दंड भरावा लागतो, परंतु प्रवासाच्या आरंभीच उतारूला संशयित समजून अडवण्याचा शिरस्ता तिथे नाही. आमच्यापाशी परदेशी प्रवाशांसाठी असतो तो पास होता. तो आगगाडीला चालतो, गावातल्या ट्रामला आणि बसला चालतो, सरोवरातल्या आगबोटीलाही चालतो. आणि आईवडिलांबरोबर असलेल्या १६ वर्षांखालील मुलांना कुटुंबपत्र घेतले की काहीच भाडे पडत नाही, त्यामुळे पाच माणसांत आम्हांला तीनच पास घ्यावे लागले. उंच पर्वतांवर जाणाऱ्या काही खाजगी मार्गांवर मात्र हा पास ठरावीक गावापर्यंतच चालतो आणि पुढे सवलतीच्या दराने वेगळे तिकीट काढावे लागते, ही गोष्ट हिशेब मांडतानाच ध्यानात ठेवावी.

फलाटावर गाडीची वाट पाहत असताना धाकट्या मुलीची नजर तिथल्या घड्याळावर खिळली. पांढरीशुभ्र तबकडी, तीवर आकडा एकही नाही, नुसत्या काळ्या रेघा. तास आणि मिनिट यांचे काटे ठसठशीत काळे. आणि सेकंदाचा काटा तेवढा लालभडक, टोकाला वाटोळी चकती असलेला. हान्स हिल्फिकर नावाच्या रेल्वेच्या अभियंत्याने हे घड्याळ १९४४ साली तयार केले, आणि तो लाल काटा त्याने काही वर्षांनी, गाडी सोडताना रेल्वेचा माणूस जी चकतीची दांडी उंच धरत असे तिच्या आकारावरून बेतून, त्यात बसवला. मुलगी बराच वेळ टक लावून बसली होती, मग माझी बाही ओढून म्हणाली, "बाबा, तो लाल काटा वर गेला की थांबतो!" आणि खरोखरच तो थांबत होता. बाराच्या जागी येऊन तो क्षणभर निश्चल होई, मग मिनिटाचा काटा एकदम एक घर पुढे सरके आणि लाल काटा पुन्हा चालू लागे. त्याचे कारण असे, की तो आपला फेरा साठ सेकंदांत नव्हे तर सुमारे साडेअठ्ठावन्न सेकंदांतच पुरा करतो, आणि मग मुख्य घड्याळाकडून विजेचा इशारा येईपर्यंत उभा राहतो. अशा रीतीने डोंगरातल्या चिमुकल्या स्थानकावरचे आणि राजधानीतल्या गजबजलेल्या स्थानकावरचे मिनिट एकाच क्षणी पालटते.

थोडे लवकर पोहोचायचे, इतरांसाठी थांबायचे, आणि मग सर्वांनी एकदम निघायचे: जे त्या काट्याचे, तेच त्या देशातल्या गाड्यांचे. १९८२ सालापासून तिथे दर तासाला त्याच मिनिटाला त्याच दिशेची गाडी सोडण्याची पद्धत सर्वत्र सुरू झाली. म्हणजे सकाळी आठ वाजून चार मिनिटांनी गाडी असेल तर नऊ वाजून चार मिनिटांनी, दहा वाजून चार मिनिटांनीही ती असायचीच; प्रवाशाने एक मिनिट लक्षात ठेवले की दिवसाचे सारे वेळापत्रक त्याला मुखोद्गत झाले. परंतु खरी बुद्धिमत्ता त्याच्या पुढच्या पायरीत आहे. झुरिक, बर्न, बाझेल यांसारख्या मोठ्या स्थानकांत चोहो बाजूंच्या गाड्या तासाचा ठोका पडण्याच्या थोड्या आधी येऊन दाखल होतात, काही मिनिटे एकमेकींशेजारी उभ्या राहतात, आणि ठोका पडून गेल्यावर आपापल्या वाटेने निघून जातात. त्या अवधीत या गाडीतला उतारू त्या गाडीत जाऊन बसतो. अर्थात हे साधायचे तर दोन मोठ्या स्थानकांमधला प्रवास एका तासाहून किंचित कमी वेळात व्हायला हवा. झुरिक ते बर्न या प्रवासाला पूर्वी तासाहून अधिक वेळ लागत असे. तेव्हा या दोन शहरांच्या दरम्यान ४५ किलोमीटरचा नवा लोहमार्ग घातला गेला आणि २००४ सालच्या डिसेंबरपासून जलद गाडी ते अंतर ५६ मिनिटांत काटू लागली. जगातली सर्वांत वेगवान गाडी आपल्याकडे असावी असा हव्यास त्यामागे नव्हता. जितका वेग गाठला म्हणजे बर्नची भेट चुकत नाही, तितकाच वेग त्यांनी साधला आणि तेवढ्यावरच पैसा खर्च केला. हा सारा खर्च करावा की नाही, याचा कौलही १९८७ साली जनतेकडून मतदानाने घेतला होता. किंबहुना रेल्वे सरकारी मालकीची असावी की खाजगी, हा मूळ प्रश्नदेखील १८९८ साली मतदारांनीच निकालात काढला, आणि त्यातूनच १९०२ साली तिथली संघराज्याची रेल्वे अस्तित्वात आली.

बर्नच्या स्थानकात आम्ही उतरलो तेव्हा तास भरायला दोन मिनिटे उरली होती. फलाटाफलाटाला गाड्या लागलेल्या, माणसांचे लोंढे जिन्यांवरून खालीवर चाललेले, परंतु धावपळ कोणाचीच नाही. इंटरलाकेनच्या गाडीत बसल्यावर मी आईला ही योजना जमेल तशी समजावून सांगितली. ती घटकाभर खिडकीबाहेर पाहत राहिली आणि म्हणाली, "म्हणजे वाखरीसारखंच की! साऱ्या पालख्या तिथं जमायच्या आणि मग पुढं निघायच्या." पंढरीच्या अलीकडे वाखरीच्या तळावर दूरदूरच्या पालख्या एकमेकींची वाट पाहतात, जी संकल्पना मी आकडे मांडून सांगत होतो, ती वारीला गेलेल्या त्या माउलीला एका शब्दात गवसली.

व्यवस्था कितीही निर्दोष असली तरी प्रवाशाने तिची भाषा शिकावीच लागते. इंटरलाकेनहून डोंगरात जाणारी गाडी त्स्वायल्युचिनेन नावाच्या स्थानकात दुभंगते. तिचा एक भाग लाउटरब्रुनेनच्या खोऱ्यात जातो आणि दुसरा ग्रिंडेलवाल्डला. डब्यांवर तसे स्पष्ट लिहिलेले असते, परंतु पहिल्या दिवशी आम्ही ते न वाचता खिडकीची जागा पाहून बसलो आणि लाउटरब्रुनेनऐवजी भलत्याच दरीत जाऊ लागलो. पुढच्या स्थानकावर उतरलो, उलट गाडी पकडली, आणि परत सांध्याच्या स्थानकात येऊन योग्य डब्यात बसलो. गाडी चुकण्याचे जे भय घरच्यांनी घातले होते ते त्या दिवशी कायमचे गेले, कारण चुकलेल्या गाडीच्या मागोमाग दुसरी येणारच असते. तेव्हापासून मुलाने ते काम स्वतःकडे घेतले. स्थानकात शिरताच तो भिंतीवरचा पिवळा तक्ता गाठी. तिथे सुटणाऱ्या गाड्या पिवळ्या कागदावर आणि येणाऱ्या पांढऱ्या कागदावर छापलेल्या असतात, हे एकदा कळले म्हणजे जर्मन भाषेचे अक्षरही न येता फलाटाचा क्रमांक सापडतो.

लाउटरब्रुनेनचे खोरे म्हणजे दोन उभ्या कड्यांमधली हिरवी पन्हळ आहे. गावाच्या माथ्यावरून श्टाउबाखचा प्रपात सुमारे ३०० मीटर खाली येतो आणि वाऱ्याच्या झोतात त्याच्या पाण्याचा अर्धा भाग धुके होऊन जातो. तिथून दातेरी रुळावरची गाडी वेंगेन या गावी चढते. वेंगेनला मोटारीचा रस्ताच नाही. दूध, टपाल, शाळेची पुस्तके, सारे काही आगगाडीनेच वर येते. त्याहून वर क्लायने शायडेग या खिंडीत, २०६१ मीटर उंचीवर, आयगर पर्वताची काळीभोर भिंत समोर उभी ठाकते. तिच्या पोटातून बोगदा खणून गाडी युंगफ्राउयोखच्या हिमनदीपर्यंत न्यावी, अशी कल्पना अडोल्फ गुयर-झेलर या उद्योगपतीने काढली. १८९६ साली काम सुरू झाले, १८९९ साली तो निवर्तला, आणि १९१२ साली पहिली गाडी ३४५४ मीटर उंचीवरच्या त्या स्थानकात पोहोचली. युरोपातले सर्वांत उंच रेल्वेस्थानक ते हेच. आम्ही चौघे वर जाऊन आलो. आईला विरळ हवेचा त्रास होऊ नये म्हणून पत्नीने तिला खिंडीतच बसवले होते, आणि आम्ही परतलो तेव्हा ती उन्हात बाकावर बसून गायींच्या गळ्यांतल्या घंटा ऐकत होती. माझे स्वतःचे मत विचाराल तर वरच्या गर्दीपेक्षा त्या बाकावरचा तिचा दुपारचा वेळ अधिक मोलाचा गेला. ज्यांच्या घरात वडीलधारी माणसे आहेत त्यांनी वर जाण्याचा अट्टाहास न धरता ती खिंड अवश्य दाखवावी.

खाण्यापिण्याची तजवीज सोपी आहे. भाजणी, मेतकूट आणि पोहे आम्ही बरोबर नेले होते. भाड्याच्या घरात चूल होती, त्यामुळे सकाळी घरी आणि दुपारी डब्यातले, असा क्रम बसला. गावोगावच्या कारंज्यांचे पाणी, तशी सूचना नसेल तर, निर्धास्त प्यावे. रविवारी दुकाने बंद असतात. त्या दिवशी मोठ्या स्थानकातले दुकान कामी येते.

ल्युसर्नला जाण्यापूर्वीच्या दिवशी इंटरलाकेनहून ब्रिएन्झच्या सरोवरात आगबोटीने गेलो आणि पुढे आगगाडीने मायरिंगेनला. राइखेनबाखचा धबधबा तिथलाच. शेरलॉक होम्सच्या कथा वाचलेल्या माझ्या मुलाला त्या कथांत येणारा हा धबधबा पाहायचाच होता. तो पाहून झाल्यावर डोंगराच्या बाजूला जरा वर, एका शेताच्या कडेला, बसच्या थांब्यावर आम्ही येऊन उभे राहिलो. थांबा म्हणजे एक खांब आणि त्यावर काचेखाली लावलेले छापील वेळापत्रक. तिथे आधीपासून एक वृद्ध बाई टोपली घेऊन बसल्या होत्या. आई त्यांच्या शेजारी बसली. दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता. आईने रस्त्याकडे हात करून विचारल्यासारखे केले. त्या बाई उठल्या, त्यांनी काचेवर एका आकड्यावर बोट टेकवले, मग मनगटावरचे घड्याळ दाखवले आणि तीन बोटे वर केली.

तिथल्या टपालखात्याच्या पिवळ्या बसचा भोंगा तीन सुरांचा असतो. रॉसिनीच्या 'विल्यम टेल' या संगीतनाटकाच्या नांदीतून ते सूर घेतले आहेत, आणि घाटातल्या आंधळ्या वळणांवर समोरच्याला सावध करण्यासाठी चालक तो वाजवतो. तीन मिनिटे पुरी भरायच्या आत तो आम्हांला वळणापलीकडून ऐकू आला. माझी आई सातारा जिल्ह्यातल्या एका खेड्यात वाढलेली. रात्री येऊन गावात मुक्काम करणारी आणि पहाटे तालुक्याला निघणारी एसटी हेच तिच्या लहानपणीचे जगाशी नाते होते. बस आली, चालकाने खाली उतरून त्या बाईंची टोपली आत ठेवली, आम्हीही चढलो. आईने नातीला जवळ घेतले आणि ती म्हणाली, "बघ गं, ही आमच्या वस्तीच्या गाडीची बहीण." त्या बसमध्ये त्या बाई आणि आम्ही पाच जण, एवढीच माणसे होती.