सात डॉलरचा पगार



महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अर्पण केला तो अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या सदाचारी लोकांना. हे आपण जाणतोच. परंतु १८६१ ते १८६५ च्या ज्या यादवी युद्धातून ती मुक्ती आली, त्यात खुद्द गुलामांनी काय सोसले? म्हणून आज लिंकनवर न बोलता त्या साध्या माणसांवरच बोलावे, असे आम्ही ठरविले.

उत्तरेच्या सैन्यात सुमारे १,८०,००० काळे शिपाई भरती झाले. गोऱ्या शिपायाला महिना १३ डॉलर. काळ्याला १०, त्यातूनही कपड्यांचे ३ कापून हातात ७! गोळी मात्र दोघांना सारखीच लागत होती. मॅसॅच्युसेट्सच्या ५४ व्या पलटणीला समान पगाराचे वचन होते. जुलै १८६३ मध्ये वॅगनर किल्ल्यावर तिने रक्त सांडले, तरी ठरले सातच. जवानांनी पगार नाकारला. त्यांच्या राज्याने फरक भरून देऊ केला, तोही नाकारला. फरक मिळाला तरी केंद्र सरकारच्या वहीत ते सात डॉलरचेच राहणार होते ना! आम्ही बँकेतली माणसे. पगार दोन दिवस लांबला की खिडकीवर काय गहजब होतो ते पाहतो. तेथे जवळजवळ दीड वर्ष गेले, आणि घरी बायकापोरांचे हाल.

साऊथ कॅरोलिनाच्या तिसऱ्या पलटणीतील सार्जंट विल्यम वॉकर याने याच कारणावरून आपल्या कंपनीला बंदुका खाली ठेवायला लावल्या. फेब्रुवारी १८६४ मध्ये बंडाच्या आरोपावरून त्याला गोळ्या घालण्यात आल्या. समान वेतनाचा कायदा झाला जूनमध्ये.

आता विद्यार्थिनींसाठी. भिडे वाड्यात मुलींची शाळा निघाली त्याच १८४८ साली जॉर्जियात सुझी किंग टेलर गुलाम म्हणून जन्मली. गुलामाला अक्षर शिकविणे तेथे गुन्हा होता. पोलिसांना दिसू नये म्हणून पुस्तके कागदात गुंडाळून ती एका स्वतंत्र काळ्या बाईच्या घरी शिकायला जाई. युद्धात पळून उत्तरेच्या सैन्याकडे आली आणि चौदाव्या वर्षी मास्तरीण झाली. पुढे छावणीत शिपायांचे कपडे धुतले, जखमींची शुश्रूषा केली, फावल्या वेळात त्यांना लिहावाचायला शिकविले. १९०२ साली तिने स्वतः पुस्तक लिहून छापले. त्यात तिचा हिशेब आहे : सेवा चार वर्षे तीन महिने, पगार एक डॉलरही नाही.

जयभीम!