शिकवणाऱ्यांनी पुन्हा शिकावे
सांदीपनींच्या या उज्जयिनीत गुरूला मान आहे. तरीही वाचताना अडखळणारे मूल वर्गात ‘ढ’ ठरते. 1995 च्या कायद्यात अपंगत्वाचे 7 प्रकार होते. 2016 च्या कायद्यात 21 झाले आणि वाचन-लेखनातील अक्षमताही त्यांत आली. आम्हां शिक्षकांपैकी अनेकांचे बी.एड. त्याआधीचे. अनुभवाने वर्ग सांभाळता येतो. अडलेल्या एका मुलाची अडचण ओळखायला मात्र वेगळा अभ्यास लागतो. भोपाळच्या भोज मुक्त विद्यापीठाने विशेष शिक्षणाचे बी.एड. दूरशिक्षणाने चालवले, तेव्हा नोकरी सांभाळून शिकण्याची वाट दिसली. समाजाला आमची एकच विनंती: उत्सवाच्या वर्गणीतून दरवर्षी एका अनुभवी शिक्षकाच्या अशा शिक्षणाची फी भरावी. विद्येच्या देवतेला हाही नैवेद्यच!